दोन महिन्यांखालच्या बाळाचा डांग्या खोकला: 'हूप' आवाज नसेल तर ओळखायचा कसा?

उपकेंद्र_सीएचओ
नमस्कार. सात आठवड्यांचं, 4 किलोचं बाळ. आठवडाभर सर्दी, ताप नाही, स्टेथोने छाती साफ. आई म्हणते, "खोकतं, निळं पडतं आणि मग एकदम ढिलं होतं." आजीला तीन आठवड्यांपासून खोकला. 'हूप' मात्र नाही. तरी डांग्या खोकला धरायचा का? अ‍ॅझिथ्रोमायसिनचा डोस नेमका किती?

बालरोग_आयसीयू
धरायचाच, आणि आजच दाखल करायचं. हूप म्हणजे उबळ संपताना जोराने आत ओढलेल्या श्वासाचा आवाज. एवढ्याशा छातीत तेवढा जोर नसतो, त्यामुळे आवाज येण्याऐवजी श्वासच थांबतो. काही बाळांत खोकलाही नावापुरताच असतो. दोन उबळींच्या मध्ये बाळ अगदी छान दिसतं, आणि ओपीडीत नेमकं त्याच वेळी तपासलं तर "साधी सर्दी" म्हणून घरी जातं. आईला उबळीचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. तपासण्यापेक्षा तो जास्त सांगून जातो.

डोस: सहा महिन्यांखाली किलोमागे 10 मिग्रॅ, दिवसातून एकदा, 5 दिवस. म्हणजे या बाळाला 40 मिग्रॅ. सिरप 5 मिलीत 100 मिग्रॅचं असेल तर 2 मिली, 200 मिग्रॅचं असेल तर 1 मिली. चिठ्ठीवर नुसतं 'दोन मिली' लिहिलं आणि दुकानातून दुसरी बाटली आली, तर डोस दुप्पट जातो. बाटलीची ताकद लिहाच. एक महिन्याखालच्या बाळाला एरिथ्रोमायसिन टाळा, जठराचं तोंड जाड होऊन अडण्याचा धोका वाढतो. अ‍ॅझिथ्रोमायसिननंतरही दूध पिचकारीसारखं उलटू लागलं तर लगेच दाखवायला सांगा. उबळी सुरू झाल्यावर या औषधाने खोकला फारसा आटोक्यात येत नाही, फैलाव मात्र थांबतो. तरी पीसीआरच्या (स्वॅबमधून जंतू ओळखणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी थांबू नका. स्वॅब नाकातून थेट मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा, घशातला चालत नाही.

सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) रोज करा, कारण खरा धोका तिथे दिसतो. जंतूच्या विषामुळे लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, रक्तातून बाहेर पडत नाहीत, साठत जातात. पांढऱ्या पेशी 30,000 च्या वर गेल्या की आयसीयूची सोय असलेल्या ठिकाणी हलवा. त्या फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथला दाब वाढतो, हृदय थकतं. नाडी सतत 170 च्या वर आणि ऑक्सिजन वाढवूनही सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) चढत नाही, ही त्याची खूण. रक्त बदलण्याचा निर्णय शॉक येण्याआधी घ्यावा लागतो, नंतर फारसा उपयोग होत नाही.

वॉर्ड_सिस्टर
ताई, 108 मधून पाठवताना बाळाच्या मापाची बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची) आणि सॅच्युरेशनचा प्रोब गाडीत आहे का, स्वतः बघा. मोटारसायकलवर नको. उबळ आली की बाळाला कुशीवर घ्या, तोंडाबाहेर आलेला चिकट कफ पुसा, ऑक्सिजन चेहऱ्याजवळ धरा. सक्शनची नळी खोल घालू नका, तिनेच पुढची उबळ उठते. श्वास थांबला तर तळवे आणि पाठ चोळा, तरी घेतला नाही तर लगेच बॅग द्या.

दूध उबळीनंतर बाळ शांत झालं की थोडं थोडं. उलटलं तर थोड्या वेळाने पुन्हा पाजा. चार्टवर नुसतं 'खोकला +' लिहून काहीच कळत नाही. उबळ किती सेकंद, रंग कसा, सॅच्युरेशन कुठवर उतरलं, बाळ आपोआप सावरलं की चोळावं लागलं, हे लिहा. खोकल्याचं औषध, मध, घुटी, धुरी यातलं काहीही नाही. वर्षाखाली मधातून बोटुलिझम होऊ शकतो.

उपकेंद्र_सीएचओ
धन्यवाद, आत्ताच पाठवतेय. आजीचं आणि बाकी घराचं काय?

लसीकरण_एमओ
घरातल्या सगळ्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन द्या, लस झालेली असली तरी. मोठ्यांना पहिल्या दिवशी 500 मिग्रॅ, मग 4 दिवस 250. सहा महिन्यांवरच्या मुलांना पहिल्या दिवशी किलोमागे 10, मग 5 मिग्रॅ. आजींना हृदयाची औषधं चालू आहेत का ते आधी विचारा. नाडी अनियमित असेल तर ईसीजीशिवाय देऊ नका. औषध सुरू झाल्यापासून 5 दिवस बाळ आणि आजी दोघांनाही इतर मुलांपासून दूर ठेवा. केस आजच तालुक्याला कळवा.

बरं झाल्यावरही पेंटाव्हॅलंट लसीचे (यात डांग्या खोकल्याचा घटक असतो) 6, 10, 14 आठवड्यांचे राहिलेले डोस द्यायचेच. साध्या सर्दीसाठी 6 आठवड्यांचा डोस पुढे ढकलू नका. त्याआधीचं संरक्षण आईकडूनच येतं, आणि सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला मिळणाऱ्या टीडीत (धनुर्वात-घटसर्पाची लस) डांग्या खोकल्याचा घटक नाही. तो टीडॅपमध्ये आहे. 27 ते 36 आठवड्यांत, प्रत्येक गरोदरपणी एक डोस. परवडत असेल त्यांना हे स्पष्ट सांगा, बहुतेकींना दोन्ही इंजेक्शनं एकच वाटतात.

बालरोग_आयसीयू
घरी सोडताना एक सांगा: खोकला दोन-तीन महिने रेंगाळतो, पुढच्या सर्दीत पुन्हा उबळी येतात. तेवढ्यावरून अँटिबायोटिक परत सुरू करायचं नाही. निळं पडलं किंवा श्वास थांबला तर मात्र लगेच परत आणायचं.