रोनन ओगारा : खेळाडू मोठा की कोच मोठा?

डब्लिनकर_पक्या: हापिसात यावरून जाम वाजलं म्हणून इथे टाकतोय. माझ्या मते आयर्लंडचा रग्बीवाला ओगारा कोच म्हणूनच मोठा. खेळाडू म्हणून रेकॉर्ड आहेतच, आयर्लंडकडून 128 मॅच, हजारावर पॉइंट, पण 2013 ला रिटायर झाल्यावर गडी आपल्या जुन्या क्लबात, मन्स्टरमध्ये चिकटून नाही बसला, थेट पॅरिसला रासिंग क्लबकडे कोचिंगला, मग न्यूझीलंडला क्रुसेडर्सकडे असिस्टंट म्हणून, तिथून फ्रान्सच्या ला रोशेलला. आणि ज्या क्लबने कधी युरोपियन कप बघितला नव्हता त्यांना लागोपाठ दोनदा जिंकून दिला, 2022 आणि 2023.

मिसळ_आणि_स्क्रम: काहीही हं! 2009 चं कार्डिफ विसरलास काय. वेल्स 15-14 ने पुढे, मॅच संपायला दोनेक मिनिटं, समोरचे अंगावर धावून येतायत आणि हा पठ्ठ्या थंड डोक्याने ड्रॉप गोल (बॉलला टप्पा देऊन पोस्टमधून किक, 3 पॉइंट) मारतो. 17-15. आयर्लंडला 61 वर्षांनी ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्समधल्या सगळ्या मॅच खिशात!! कोचला असलं काही करायला लागत नाही, तो वर बसून आरडाओरडा करतो.

तिरकस: त्याच वर्षीचं प्रिटोरिया पण सांगा की. लायन्सकडून (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) बेंचवरून आला, शेवटच्या क्षणी हवेत उडी मारलेल्या साउथ आफ्रिकेच्या डू प्रीझला जाऊन धडकला, पेनल्टी, त्यांच्या मॉर्ने स्टेनने लांबून मारली, 28-25, सिरीज गेली. आणि कोच म्हणून तरी काय, टॉप 14, फ्रान्सची लीग, कुठे जिंकलाय? 2021 आणि 2023 दोन्ही फायनल टूलूजने घेतल्या. वर रेफ्रींशी भांडून बंदी ओढवून घेतो. टीममध्ये स्केल्टन, अटोनियोसारखे राक्षस असल्यावर कुणीही जिंकेल.

डब्लिनकर_पक्या: @तिरकस कुणीही? 2023 ची युरोपियन कप फायनल डब्लिनला, समोरच्या लेन्स्टर क्लबच्या घरात, पहिल्या बारा मिनिटांत 17-0 ने मागे. शेवटी 27-26. आणि निर्णायक ट्राय (बॉल गोललाइनपलीकडे टेकवणं) तुझ्या राक्षसांनी नाही, बेंचवरून आलेल्या कोलोंबने टाकला. मागे पडल्यावर घाबरून किक मारत न बसता बॉल जिवंत ठेवायचा हे ओगाराने डोक्यात भरवलेलं.

कॉर्ककाकू: भांडा भांडा 😄 आमच्या कॉर्कमध्ये तो अजून दहा नंबरच्या जर्सीतला खेळाडूच. पण मला वाटतं प्रिटोरियासारखे फटके खाल्ले म्हणूनच कोच झाला. मग आयर्लंडचा कोच करा ना त्याला!

मिसळ_आणि_स्क्रम: काकू तिथेच गोची आहे. क्लबला पोरं रोज हाताशी असतात, वर्षभर घोटून घेता येतं, देशाच्या कोचला मोजके आठवडे मिळतात आणि क्लबवाले तेवढ्यासाठीही कुरकुरतात. याची पद्धत घोटण्यावरच चालते.

डब्लिनकर_पक्या: आयर्लंडचा कोच फॅरेल पण तेवढ्याच आठवड्यांत करतोय की. आणि आयर्लंडच्या टीममधली लेन्स्टरची पोरं कशी खेळतात हे ओगाराएवढं कुणाला माहितीय, दोन फायनल त्यांनाच हरवून जिंकलाय.

तिरकस: आधी टॉप 14 जिंकू दे त्याला, मग बोलू.