मेंढरांना डीडीजीएस किती द्यायचं? लवकर सांगा

जतकर: शेंगपेंड परवडेना, म्हणून इथेनॉल कारखान्याकडचं डीडीजीएस (धान्यातून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा) आणलंय. किती टाकू? आज संध्याकाळपासून सुरू करायचंय. फक्त आकडा सांगा.

माणदेशी: मक्याचं की तांदळाचं? मक्याच्यात प्रथिनं २६ ते ३० टक्के, तांदळाच्यात ४५ च्या आसपास. कोकरं की मोठी मेंढरं? चरायला जातात का?

जतकर: मक्याचं. बांधून खुराकावर आहेत, बकरी ईदला काढायचीत.

हिरवा_चारा: कारखान्याचा माल कशाला? अझोला करा, पाण्यावर वाढणारा हिरवा चारा. आमच्या शेळ्या त्यावरच आहेत.

सोयाबीनवाला: डीडीजीएस आलं आणि सोयापेंडीचा उठाव गेला. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२, आम्ही त्याच्या खाली विकलं. आमची पेंड घ्या की!

माणदेशी: पटतंय दादा, पण भावाचा वेगळा धागा काढा. इथं जनावरं दावणीला उभी आहेत.

पशुवैद्य_सोलापूर: ईदचे म्हणजे नर! हे आधी हवं होतं. डीडीजीएसमध्ये स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, कॅल्शियम नावाला. नरांना मुतखडा होतो: कुंथतात, पोटावर लाथा मारतात, लघवी थेंब थेंब. खुराकाच्या १० टक्क्यांपासून सुरू करा, दोन आठवड्यांत २० वर न्या. चुनखडी पूड एक-दीड टक्का मिसळा, पाणी सतत समोर ठेवा. गाईंचं क्षारमिश्रण देऊ नका, त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं. डीडीजीएसमध्ये गंधकही जास्त असतं, ते मेंदूला बाधतं. एखादं कोकरू आंधळ्यासारखं धडकायला लागलं किंवा मान मागे टाकून आभाळाकडे बघायला लागलं, तर डीडीजीएस बंद करून लगेच डॉक्टर बोलवा.

जतकर: बरं. माल काळपट आहे, दोन गोण्यांत गुठळ्या आहेत. चालतंय ना?

माणदेशी: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! काळपट म्हणजे सुकवताना करपलेला, त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. गुठळ्यांच्या गोण्या बाजूलाच काढा. मक्यातला स्टार्च इथेनॉलला जातो, बुरशीचं विष मागे राहतं आणि साधारण तिप्पट होतं.

हिरवा_चारा: अझोल्याला बुरशीची भानगडच नाही.

माणदेशी: ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं त्यात. ईदच्या नराचं वजन त्यावर वाढत नाही.

तेलबिया: बायोडिझेलवाल्यांकडे जट्रोफाची पेंड स्वस्त मिळते बघा.

पशुवैद्य_सोलापूर: अजिबात नको! विषारी आहे. त्यातले फोर्बॉल एस्टर उकळूनही जात नाहीत.

बाजारभाव: माडग्याळ जातीची आहेत का? जोडी कितीला?

जतकर: माडग्याळच. भावाचं नंतर. डॉक्टर, घराला लावायचा चुना घातला तर?

पशुवैद्य_सोलापूर: नको, तोंड भाजेल. पशुखाद्याच्या दुकानात कॅल्शियम कार्बोनेट (म्हणजे चुनखडी पूड) मागा. आणि आंत्रविषाराची (खुराक एकदम वाढला की होणाऱ्या आतड्याच्या रोगाची) लस टोचलीय का? खुराक वाढवायच्या आधी तेवढं सांगा.