जिना चढता येत नाही त्यांना ‘घरबसल्या बघा’ म्हणणं पुरेसं आहे का?

वैदेही:
मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की उतरायचे. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे त्यांना अटक झाली ती याच घराच्या गच्चीवरून. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे ती तळमजल्यावरच्या ग्रंथालयाच्या पुढे जाऊ शकत नाही. वर जाणाऱ्यालाही ती खोली काचेआडूनच पाहायला मिळते. मग तीच खोली, चरखा, बैठक नीट चित्रित करून मोबाइलवर मोफत का देऊ नये? लंडनमध्ये बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. आपल्या पैशांनी घेतलेलं ते घर बघायला व्हिसा आणि विमानाचं भाडं किती जणांना परवडेल? प्रत्येक स्मारक-घराची व्हर्च्युअल टूर व्हायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

मंदार (व्हीलचेअर वापरतो):
माझा विरोध आहे. एकदा टूर झाली की रॅम्पचा विषय कायमचा मागे पडतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारती आमच्यासाठी सुगम करा असं सांगतो, चित्रफीत पाठवा असं नाही. कितीतरी वाड्यांत अडचण दोन पायऱ्यांची असते, लाकडी उतरण टाकली की काम होतं. पुण्यातल्या गंज पेठेतला फुलेवाडा घ्या. जोतिरावांनी 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. 28 नोव्हेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, तिथे लोक जमतात, तेव्हा मला त्या गर्दीत असायचं आहे. घरी बसून ते कसं मिळणार?

निखिल:
मंदारशी सहमत. टूरमध्ये वाड्याची उंची, गारवा, जमीन काहीच कळत नाही.

अनघा:
ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर आठवा. मागच्या भागात जायचे जिने इतके उभे आहेत की व्हीलचेअर जाणं शक्यच नाही, आणि जिने बदलले तर नाझींपासून जीव वाचवायला ॲनसह आठ माणसं दोन वर्षं जिथे लपून राहिली ते घरच बदलेल. तिथे 2018 मध्ये व्हीआर टूर (खास चष्मा लावून खोलीत असल्यासारखं दाखवणारी) तयार झाली आणि वर जाऊ न शकणाऱ्यांना ती संग्रहालयातच दाखवायची सोय केली. पण खोल्या रिकाम्या ठेवायच्या ही ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांची इच्छा होती, आणि टूरमध्ये त्याच खोल्या सामानाने भरलेल्या दिसतात. जिना चढणाऱ्याला पोकळी भेटते, चष्मा लावणाऱ्याला संसार. दोन्ही मोलाचे आहेत, पण ते एकच दर्शन आहे असं कुणी म्हणू नये. मला विचाराल तर टूरमध्ये रिकामी खोलीही दाखवायला हवी.

सुहास:
मी दृष्टिहीन आहे. नुसतं गोल फिरणारं चित्र माझ्या उपयोगाचं नाही. खोली किती लांब, खिडकी कुठल्या दिशेला, फरशी दगडी की लाकडी, हे मराठीत सांगणारा आवाज हवा. करताना आमच्यापैकी कुणाला तरी सोबत बसवा, नाहीतर दिसणाऱ्यांनी दिसणाऱ्यांसाठी केलेलीच गोष्ट होईल.

वैदेही:
सुहास, हे अगदी मान्य. मंदार, रॅम्प झालाच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. पण जुन्या घरांच्या परवानग्यांना वर्षं लागतात. लंडनच्याच घराचं बघा: शेजाऱ्यांचे आक्षेप आले, तिथल्या स्थानिक कॅम्डन कौन्सिलने संग्रहालय म्हणून वापरायला नकार दिला, आणि ब्रिटिश सरकारने परवानगी दिली ती मार्च 2020 मध्ये. एवढा काळ सत्तरी ओलांडलेल्यांनी वाट बघायची का?

मंदार:
वाट बघायला मीही सांगत नाही. पण टूरचं काम मंजूर होतं त्याच आदेशात रॅम्पचा खर्च आणि तारीख लिहून घ्या. आणि टूरच्या पहिल्याच पडद्यावर पायऱ्या किती, दरवाजा किती रुंद, शौचालयात चाकाची खुर्ची वळते का, हे द्या. तेवढं नसेल तर माझा विरोध कायम आहे.