मदत हवी आहे : अबरी कागद धुतला की रंग निघून जातो

मंडळी, बेळगावात शहापूरला आमचं बाइंडिंगचं जुनं दुकान आहे. हल्ली कामं बहुतेक प्रोजेक्ट नि थिसीसची. पण गेल्या महिन्यात खानापूरकडच्या एका वाचनालयाचे सहा जुने खंड दुरुस्तीला आले. पाठ आणि कोपरे कापडाचे, मधे पुठ्ठ्यावर अबरी, म्हणजे दाट पाण्यावर रंग तरंगवून त्याची नक्षी उचललेला कागद. दोन खंडांची अबरी वाळवीनं खाल्लीय, बाकीच्यांना जुळेल अशी पाहिजे.

आजोबांची नमुना वही काढली. तळहाताएवढे तुकडे, खाली पेन्सिलीनं आण्यातला भाव. खळीत मोरचूद घालायचे, म्हणून वही शाबूत. सतराव्या तुकड्याची नक्षी हुबेहूब जुळते, पण तो माल देणारा आता कोण राहिलाय? बाजारातली छापील अबरी मला नको. वीतभर अंतरावर तोच ठिपका परत येतो.

म्हणून घरीच करतोय. कॅराजीनन (पाणी दाट करणारी समुद्री शेवाळाची पूड) पाण्यात रात्रभर मुरवून ट्रेमध्ये ओततो, पातळ ॲक्रिलिक रंग शिंपडतो, कंगवा फिरवतो. नक्षी अशी उठते की विजापूरच्या आदिलशाहीतली अबरी चित्रं आठवावीत (एवढी फुशारकी चालवून घ्या). कागद टेकवून उचलला तरी झकास. धुतला की निम्मा रंग मोरीत! कागदाला आधी तुरटीचं पाणी लावतो, लिटरला 60 ग्रॅम, वाळवून मगच टेकवतो. दुप्पट केली तर कागद घडीवर मोडला. कागद झेरॉक्सचा, 80 जीएसएम. पाणी बोअरचं. चुकतंय कुठे?

प्रतिसाद 1
तुरटी बरोबर आहे, कागद बदला. झेरॉक्सच्या कागदात कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूच. तुरटी आम्लधर्मी, खडू तिला मारून टाकतो. मग रंग धरणार कोण? कागदावर लिंबाचा थेंब टाकून भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर तो कागद बाद. आणि बोअरच्या क्षारांनी कॅराजीननही बिघडतं. पावसाचं पाणी धरा की, बेळगावात त्याला काय तोटा!

प्रतिसाद 2
एक कागद उचलल्यावर वर्तमानपत्राची पट्टी ट्रेवरून ओढता का? नाहीतर आधीचा रंग पुढच्या कागदावर गढूळ उतरतो.

धागाकर्ता
पट्टी ओढत नव्हतो, आता ओढतो. माळ्यावर आजोबांच्या वेळचे कोरे फुलस्केप ताव सापडले. लिंबू टाकलं, एक बुडबुडा नाही. पागोळीचं पाणी गाळून घेतलं. रंग बसला बघा! धुतलं तरी हलेना.

आता नवंच त्रांगडं. वही कायम मिटलेली, त्यामुळे तिच्यातला निळा अजून गडद आहे. खंडांवरचा उजेडानं उडून राखेकडे गेलाय. मी वहीबरहुकूम रंग लावला, तर कपाटात ते दोन खंड बाकीच्या चारांत परके दिसतायत. तुम्ही कुणाशी जुळवाल, वहीशी की खंडांशी? वाचनालयाला सोमवारी नमुना दाखवायचाय.