वॅगन-आर एलपीजीवर करावी का? डिकी मोकळी राहणं गरजेचं आहे

जयसिंगपूरची_ताई:
गाडी २०१६ची वॅगन-आर, पेट्रोल. इचलकरंजीला रोज दुकानावर जाते, शिवाय आईला तपासणीसाठी मिरजेला न्यावं लागतं. महिन्याला साधारण १३०० किलोमीटर होतात. आईची चाकाची खुर्ची डिकीत असते, म्हणून सीएनजीचा विषय घरात निघाला तसाच मिटला. फिटर म्हणतो, एलपीजीची गोल टाकी स्टेपनीच्या जागी बसते आणि डिकी मोकळी राहते. किटचे ३०,००० सांगितलेत. भाऊ म्हणतो, पैसे वाया जातील. मला रोजचा पेट्रोलचा खर्च खरंच जड जातोय. ज्यांनी गाडी गॅसवर चालवली आहे त्यांनी सांगा.

पंचगंगाकाठ:
सीएनजीच घ्या. आता पंप वाढलेत, एलपीजीचे कमी होत चाललेत. खुर्ची मागच्या सीटवर आडवी ठेवता येईल.

जयसिंगपूरची_ताई:
मागच्या सीटवर आई बसते. पुढच्या सीटवर तिला चढता येत नाही.

गॅसकिट_मिस्त्री:
ताई, किट बसवणं हाच माझा धंदा आहे, तरी आधी हिशेब मांडतो. एक लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज पडतं. पेट्रोलवर १६ देणारी गाडी गॅसवर १३च्या आसपास देईल. पेट्रोल १०५ आणि गॅस ६५ धरला, तर किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या जागी पाच रुपये लागतात. तुमच्या फिरण्यात महिन्याला दोन हजार सुटतात. सकाळी गाडी पेट्रोलवरच चालू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते, कारण रेड्युसरला, म्हणजे किटमधल्या गॅसची वाफ करणाऱ्या भागाला, इंजिनाचं गरम पाणी मिळाल्याशिवाय द्रव गॅसची नीट वाफ होत नाही. हे थोडं पेट्रोल धरून किटचे पैसे दीड वर्षात फिटतील. आज तुमच्या पंपावर जो भाव असेल तो घालून पुन्हा मांडा.

पण भावाच्या आधी पंप बघा. तुमच्या रोजच्या वाटेवर एलपीजी मिळतो का, आणि बारा महिने मिळतो का, हे तिथे भरणाऱ्या रिक्षावाल्यांना विचारा. गॅससाठी वाट वाकडी करावी लागली तर सुटलेले पैसे तिथेच जातील. जवळ एकच पंप असेल आणि तोही अधूनमधून कोरडा पडत असेल, तर मी माझ्या बहिणीच्या गाडीलाही किट बसवणार नाही.

टाकीबद्दल फिटर खरं बोलला. सीएनजी २०० बारच्या दाबानं भरतात, म्हणून त्याचा सिलिंडर जाड आणि लांबट. एलपीजीचा दाब त्या मानानं फार कमी, त्यामुळे बांगडीसारखी गोल टाकी चालते. ती ८० टक्केच भरते, वरची जागा गॅसला फुगायला लागते. स्टेपनी मात्र बाहेर येणार. ती कुठे ठेवणार ते आत्ताच ठरवा, नाहीतर खुर्चीच्या जागेवर तीच येऊन बसेल.

पंचगंगाकाठ:
आमच्याकडे काही जण घरगुती सिलिंडरमधून भरून देतात. स्वस्त पडतं.

गॅसकिट_मिस्त्री:
दादा, कळकळीनं सांगतो, हे इथे कुणाला सुचवू नका. घरगुती गॅस गाडीत भरणं गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात साचतो. बंद खोलीत मोटर लावून भरताना एक ठिणगी पुरते. त्या गाडीत ताईंची आई बसणार आहे.

ताई, कागदांचं पण बघा. किट मान्यताप्राप्त हवं, तुमच्या गाडीला लागू असलेलं प्रमाणपत्र फिटरकडून आधीच मागा. आरटीओत आरसीवर इंधनाचा बदल चढवून घ्या आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत किटची नोंद करा. नोंद नसेल तर अपघातानंतर दाव्याला अडचण येते. ‘पासिंग नंतर बघू’ म्हणणाऱ्या फिटरकडे जाऊ नका. टाकीची तपासणी दर पाच वर्षांनी असते.

जयसिंगपूरची_ताई:
दुकानाच्या वाटेवर एक पंप आहे. उद्या तिथे रिक्षावाल्यांना विचारते. इंजिन खराब होतं म्हणतात, ते खरं का?

गॅसकिट_मिस्त्री:
गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे इंजिनात व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, झिजायची शक्यता असते. सर्व्हिसिंगला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, तपासायला सांगा. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नका, गाडीच्या टाकीतला पेट्रोलचा पंप कोरडा चालला तर जळतो. किटच्या आधी प्लग आणि एअर फिल्टर बदला. पेट्रोलवर धक्के खाणारी गाडी गॅसवर जास्त खाते. आणि फिटरकडे जाताना खुर्ची बरोबर न्या. टाकी आणि स्टेपनी बसल्यावर ती डिकीत घालून बघा, मगच बाकीचे पैसे द्या.