चर्चा: स्विंडनने गोडार्डांचा वाडा पाडला, ही चूक होती का?

रूळाकाठचा (धागाकर्ता)

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातले स्विंडन आज मोठे शहर आहे आणि गोव्यातून तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांमुळे त्याचे नाव आपल्यालाही परके राहिलेले नाही. १८०१ च्या जनगणनेत मात्र तिथे अवघी १,१९८ माणसे होती. टेकडीवर बाजाराचे लहानसे गाव, त्याच्या कडेला गोडार्ड घराण्याचा वाडा आणि उत्तरेकडे खाली पसरलेली कुरणे, एवढाच त्याचा पसारा होता. १५६३ मध्ये गोडार्डांकडे आलेली इथली जमीनदारी पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे त्याच घराण्यात राहिली.

सप्टेंबर १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिन-अधीक्षक डॅनियल गूच याने, तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा असताना, त्याच रेल्वेचा मुख्य अभियंता ब्रुनेल याला पत्र लिहून इंजिनांचा कारखाना स्विंडनला काढावा असे सुचवले. चेल्टनहॅमचा फाटा इथूनच निघणार होता. लंडनपासून इथवर मार्ग जवळपास सपाट आणि इथून ब्रिस्टलकडे अधिक उताराचा असल्यामुळे इंजिने बदलायला ही जागा सोयीची होती, शिवाय शेजारच्या कालव्यातून कोळसा आणता येत होता. जानेवारी १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला आणि कुरणांमध्ये कामगारांसाठी सुमारे ३०० दगडी घरांचे नवे गाव वसले. ब्रिस्टल, बाथ, टॉन्टन, एक्झेटर ही त्या लोहमार्गाने जोडलेल्या शहरांची नावेच तिथल्या गल्ल्यांना मिळाली.

घराण्याचे शेवटचे वारस फिट्झरॉय प्लेडेल गोडार्ड १९२७ मध्ये निपुत्रिक वारले आणि चारच वर्षांनी त्यांच्या पत्नीने ‘द लॉन’ हा वाडा सोडला. दुसऱ्या महायुद्धात तिथे ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक राहिले, १९४७ मध्ये नगरपालिकेने तो विकत घेतला आणि १९५२ मध्ये पाडून टाकला. रेल्वेच्या घरांवरही पाडण्याचे संकट आले होते, पण १९६६ मध्ये त्याच नगरपालिकेने ती विकत घेतली आणि पुढे नीट दुरुस्त केली. या दुसऱ्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही वाडा पाडल्यामुळे स्विंडनने आपल्या इतिहासाची पहिली पाने स्वतःच्या हाताने फाडली, असे माझे ठाम मत आहे.

चिरेबंदी

पूर्णपणे असहमत. १९४७ ते १९५२ हा काळ कोणता होता, हे आपल्या मांडणीत आलेलेच नाही. बांधकामाच्या साहित्याची टंचाई होती, घरांसाठी लोक रांगेत उभे होते आणि सैन्याच्या वास्तव्यानंतर वाडा दुरवस्थेत पोहोचला होता. त्या वर्षांत इंग्लंडभर असे शेकडो वाडे पडले, कारण ते चालवायला लागणारा नोकरवर्ग आणि उत्पन्न दोन्ही संपले होते. कामगारांच्या कराच्या पैशातून एका रिकाम्या जमीनदारी वाड्याचे छप्पर शाकारायचे की लोकांच्या डोक्यावर छप्पर घालायचे, हा प्रश्न त्या वेळी पुस्तकी नव्हता.

शिवाय पालिकेने आवार विकून खाल्ले नाही. जिथे पूर्वी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, ते उद्यान तेव्हापासून सर्वांचे आहे.

आणि वारसा म्हणजे केवळ भिंती नव्हेत. १८४७ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय निधीसाठी कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला थोडी रक्कम कापली जाई आणि त्यातून डॉक्टर, औषधे, पुढे दवाखाना आणि १८९२ मध्ये पोहण्याचे तलाव व स्नानगृहे उभी राहिली. सबंध देशात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती १९४८ मध्ये, म्हणजे तब्बल एका शतकानंतर. जगाला सांगण्यासारखे स्विंडनजवळ जे आहे ते टेकडीच्या पायथ्याशी घडले.

रूळाकाठचा

टंचाईचा मुद्दा मान्य आहे आणि मी तो आधीच मांडायला हवा होता. पण ‘जमीनदाराचे गेले, कामगारांचे राहिले’ ही विभागणी मला पटत नाही, कारण ती घरे कामगारांची कधीच नव्हती, ती कंपनीची होती. कंपनीकडे पैसा नसल्यामुळे रिग्बी बंधू या कंत्राटदारांनी ती स्वखर्चाने बांधली आणि मोबदल्यात स्थानकावरचे उपाहारगृह ९९ वर्षांच्या कराराने, वर्षाला एक पेनी भाड्याने घेतले. प्रत्येक गाडीने तिथे दहा मिनिटे थांबलेच पाहिजे अशी अट त्या करारात होती आणि त्यातून सुटण्यासाठी कंपनीला १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजावे लागले. तिथल्या कॉफीबद्दल खुद्द ब्रुनेलने तक्रारीचे पत्र लिहिले होते. म्हणजे पायथ्याशीही मालक आणि भाडेकरू होतेच, फक्त मालक बदलला होता.

दोन्ही मालकांचे एकमेकांशी वैरही नव्हते. अँब्रोज लेथब्रिज गोडार्ड आणि डॅनियल गूच हे दोघे १८६५ ते १८६८ या काळात क्रिकलेड मतदारसंघाचे एकाच वेळी खासदार होते आणि स्विंडन त्याच मतदारसंघात मोडत होते. टेकडीवरची सत्ता आणि कारखान्याची सत्ता शेजारी शेजारी कशी बसली, हे समजून घ्यायचे तर दोन्ही वास्तू डोळ्यांपुढे असायला हव्या होत्या.

निळी वही

आपण दोघेही १९५२ मध्ये अडकला आहात, म्हणून हा प्रतिसाद. रेल्वेच्या गावाच्या अगदी मधोमध मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची इमारत आहे. संस्था १८४४ ची आणि इमारत १८५५ ची. ग्रंथालय, व्याख्याने, नाटके, वार्षिक सहली असे सगळे तिथे चालत असे आणि ते कामगारांनी स्वतः चालवलेले होते. १९८६ मध्ये कारखाना बंद झाला त्याच वर्षी तिलाही कुलूप लागले आणि पुढे कित्येक दशके ती रिकामी पडून राहिली. चिरेबंदी यांच्या मते कामगारांचा वारसा राखला गेला, तर मग ही इमारत कोणाच्या खाती मांडायची? तिच्यासाठी लिहिणाऱ्याला मी दोन्ही पक्षांपेक्षा अधिक मान देईन.

टेकडीवरून

मी मूळची म्हापशाची, आता स्विंडनच्या जुन्या गावात राहते आणि लॉनच्या उद्यानात जवळजवळ रोज फिरायला जाते. तळे आहे, खोलगट बाग आहे, काही जुन्या भिंती आहेत. वाड्यालगतच्या होली रूड चर्चचा फक्त वेदीकडचा भाग उभा आहे. बाकीचे चर्च मात्र नगरपालिकेने पाडलेले नाही. १८५१ मध्ये नवे क्राइस्ट चर्च बांधले गेल्यावर, म्हणजे गोडार्डांच्या ऐन भरभराटीच्या काळातच, ते उतरवले गेले. त्यामुळे जुने पाडण्याचा सगळा दोष एकट्या पालिकेच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

ग्राउंडवेल रस्त्यावरच्या आमच्या कॅथलिक चर्चचे नावही होली रूडच आहे आणि रविवारी तिथे गोवेकरांची दाटी असते. त्यातल्या कित्येकांनी उद्यानातले ते भग्न चर्च पाहिलेले आहे, पण वाडा नेमका कुठे उभा होता, हे मी विचारले तेव्हा एकालाही सांगता आले नाही. वाडा परत येणार नाही, हे मला कळते. त्याच्या पायाची आखणी गवतात दगडांच्या ओळींनी केली, तरी माझ्या मुलीला दिवाणखाना कुठे होता ते दाखवता येईल.

चिरेबंदी

या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि निळी वही यांनी लावलेला दोषही मी स्वीकारतो. त्या इमारतीची उपेक्षा झाली ही खेदाची गोष्ट आहे. पाडण्याचा निर्णय मात्र मी आजही चुकीचा म्हणणार नाही. १९०० मध्ये जुने आणि नवे स्विंडन एकत्र झाले, तेव्हा पहिले महापौर झाले ते कारखान्यातले अभियंते जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड. त्या पदावर कोणी गोडार्ड बसला नाही. दगडांच्या ओळी आखल्या जातीलच, तर शेजारच्या फलकावर हेही लिहिलेले असावे, एवढीच माझी भर.