दक्षिण स्कॉटलंडमधल्या मॉफटच्या डोंगरातला व्हाइट कूम्ब, एका दिवसात झेपेल का?

सह्यकन्या_एडिनबरा:
नमस्कार मंडळी, जूनमधल्या एका शनिवारी मी नि नवरा ग्रे मेअर्स टेल धबधब्याकडून लॉख स्कीन हे तळं आणि तिथून व्हाइट कूम्ब करायचं म्हणतोय. उंची 821 मीटरच आहे, आमचं 1646 मीटरचं कळसूबाई दोनदा झालंय, आणि इथे तर कातळ वगैरे नाही नुसतं गवत, मग सगळे दमवणारा का म्हणतात?

गडगाभटक्या:
ताई, नुसत्या उंचीवर जाऊ नका. कळसूबाईला वाट आहे, शिड्या आहेत, वाटेत चहा मिळतो. इथे तळ्यापर्यंत पायवाट चांगली आहे (डावीकडे दरी आहे, ओल्या गवतावर कडेला जाऊ नका), पण तळ्यानंतर वाट जवळजवळ संपते. गवताचे गुडघ्याएवढे ठोंब आणि मधे पाणी, प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं, पोटऱ्या भरून येतात. चालायला किती वेळ लागेल याचा नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाचा 1892 चा हिशोब आहे, तासाला 5 किमी आणि 600 मीटर चढाला एक तास जास्त, पण या गवतात तो पुरत नाही, आम्हाला जेवणासकट सात तास लागले. तळ्यातून निघणारा ओढा ओलांडावा लागतो, आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर तिथूनच परत फिरा. पलीकडे जुना दगडी गडगा लागतो, आपल्या कोकणात असतो तसाच, चुना-माती काही नाही. तो धरून चढायचं. माथा गडग्यापासून थोडा बाजूला आणि अगदी सपाट आहे, धुक्यात सापडत नाही, होकायंत्र आणि कागदी नकाशा हवाच.

मेंढरू७९:
वरून कॅरिफ्रनच्या खोऱ्यात नक्की बघा. शेकडो वर्षं मेंढ्या-शेळ्या चरून हे डोंगर उघडे झाले, तिथे 1 जानेवारी 2000 पासून लोकांनी देशी झाडं लावलीत, आता चांगलं जंगल झालंय. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर रॉटन बॉटम नावाची दलदल आहे, 1990 मध्ये एका ट्रेकरला तिथे पीटमध्ये (कुजक्या झाडपाल्याचा काळा चिखल) लाकडी धनुष्याचा तुकडा मिळाला, जवळपास सहा हजार वर्षं जुना! मला तर तो काळा चिखल तेव्हापासून वेगळाच वाटतो. पाय मात्र घालू नका, मांडीपर्यंत जातो.

सह्यकन्या_एडिनबरा:
बाप रे, बरं झालं विचारलं. वर धुकं आलंच तर?

गडगाभटक्या:
गडगा सोडायचा नाही, आल्या वाटेने खाली. खरंच अडकलात तर 999 ला फोन करून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू सांगायचं, ते सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. फुल पँट घाला, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड शोधा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, घाई नको.